क्यूबी६४ फिनिक्स एडिशन : आडतीच्या वाढत्या नोंदींना पुरून उरलेलं बेसिक

लातूरच्या मार्केट यार्डात आमची आडत आहे आणि तिथला रोजचा हिशोब मी बघते. सौद्याची नोंद, शेतकऱ्याची पट्टी (त्याच्या मालाचं वजन, भाव, रक्कम लिहिलेला कागद), खरेदीदाराचं बिल, संध्याकाळचा ताळा, सगळं बेसिक या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिलेल्या एका प्रोग्रॅमवर चालतं, आणि तो प्रोग्रॅम आता क्यूबी६४ फिनिक्स एडिशन या आजच्या बेसिकवर आहे. सोयाबीनचा अख्खा हंगाम त्यावर निघाला. ज्यांच्याकडं क्यूबेसिकचे, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या डॉसवरच्या बेसिकचे, जुने प्रोग्रॅम आहेत आणि त्यातले ॲरे (एकसारख्या नोंदी ठेवायची ओळीनं लावलेली घरं) आता कमी पडू लागलेत, त्यांनी बिनधास्त इकडं यावं, असं माझं ठाम मत झालंय. का, ते जरा सविस्तर सांगते. बेसिकवर लिहिणारे बहुतेक जण रंग, आवाज, जुने गेम यावर लिहितात. रोजच्या धंद्यात कामाला येणारी गोष्ट म्हणजे वाढणारा ॲरे, ती बाजूलाच राहते.

आडतीत उद्या किती नोंदी होतील हे आज कुणालाच सांगता येत नाही. पाऊस उघडला, दसरा जवळ आला, भाव शंभर-दोनशेनं वर सरकला, की यार्डाच्या फाटकापासून गाड्यांची रांग लागते. उन्हाळ्याच्या शेवटी तूर-हरभरा संपत आला की दिवसभरात जेमतेम दहा-वीस पावत्या. त्यात एका शेतकऱ्याचा माल म्हणजे एकच नोंद असंही नाही. ओलावा जास्त असलेला ढीग वेगळा, वाळलेला वेगळा, दोघांचा भाव वेगळा, म्हणून नोंदी दोन. ॲरेत किती घरं ठेवायची हा प्रश्न आमच्याकडं रोज सकाळी नव्यानं उभा राहतो.

आमचा आधीचा प्रोग्रॅम नव्वदच्या दशकात एका ओळखीच्या माणसानं क्यूबेसिकमध्ये बांधून दिलेला. त्यात तीनशे नोंदींची जागा ‘डिम’ या आज्ञेनं पक्की केलेली होती. त्या काळी तीनशे म्हणजे डोक्यावरून पाणी. पण धंदा वाढला, आणि दिवाळीच्या तोंडावर एका सोमवारी पुढची नोंद टाकली तसं पडद्यावर आलं ‘सबस्क्रिप्ट आउट ऑफ रेंज’, म्हणजे ठरलेल्या घरांच्या बाहेर गेलात. नोंदी फाइलमध्ये जायच्या त्या दिवस संपल्यावर, तोवर सगळं मेमरीतच. प्रोग्रॅम थांबला तसा सकाळपासूनचा हिशोबही गेला. बाहेर शेतकरी उभे. एक आजोबा खिडकीशी येऊन म्हणाले, “ताई, पट्टी कव्हा मिळंल? टेम्पोवाला थांबंना झालाय.” काट्याच्या चिठ्ठ्या गोळा करून सगळ्या पट्ट्या हातानं केल्या, तेव्हा कुठं रात्री शटर खाली आलं. तीनशेच्या जागी पाचशे लिहून काम भागलं असतं, पण ते पुढच्या दिवाळीपर्यंतच.

क्यूबेसिकला वाढता ॲरे माहीतच नव्हता असं नाही. आकार नव्यानं ठरवायचं ‘रीडिम’ त्यातही होतं, ‘डायनॅमिक’ची सूचनाही होती. अडचण अशी की तिथलं ‘रीडिम’ आकार बदलताना आतलं सगळं पुसून टाकतं. आकड्यांच्या जागी शून्य, नावांच्या जागी रिकामं. म्हणजे वाढवायचं तर आधी दुसऱ्या ॲरेत सगळं उतरवून घ्या, पहिला मोठा करा, मग परत भरा. आतलं जपून आकार बदलणारा ‘प्रिझर्व्ह’ हा शब्द मायक्रोसॉफ्टच्या बेसिकमध्ये आला तो व्यावसायिक आवृत्ती ७.१ मध्ये आणि मग व्हिज्युअल बेसिकमध्ये. १९९१ साली एमएस-डॉस ५ बरोबर फुकट मिळालेल्या क्यूबेसिकला तो मिळाला नाही.

शिवाय ६४ किलोबाइटची भिंत. क्यूबेसिकमध्ये एक ॲरे ६५,५३५ बाइटच्या पुढं जात नाही. आमच्या एका नोंदीचं माप काढून दाखवते (इंटिजर, लाँग, डबल हे बेसिकमधले आकड्यांचे प्रकार). नाव ३० अक्षरं, गाव २० अक्षरं, कट्टे (पोती) इंटिजरमध्ये म्हणजे २ बाइट, वजन डबलमध्ये ८ बाइट, भाव लाँगमध्ये ४ बाइट. बेरीज बरोबर ६४. म्हणजे कितीही युक्त्या करा, एका ॲरेत १,०२३ नोंदींच्या वर जाताच येत नाही. आणि हे सगळं पदरात घ्यायचं ठरवलं तरी आजच्या ६४ बिट विंडोजवर क्यूबेसिक थेट उघडतच नाही, कारण तो १६ बिटांचा प्रोग्रॅम आहे. डॉसबॉक्स या जुना डॉस उभा करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये चालवता येतो, पण दुकानातल्या मुलाला रोज सकाळी ते उघडून देणं मला परवडणारं नव्हतं.

क्यूबी६४ आपला बेसिक प्रोग्रॅम आधी सी++ या दुसऱ्या भाषेत उतरवतं आणि मग त्याची स्वतंत्र, थेट चालणारी एक्सी फाइल बनवतं. फिनिक्स एडिशन ही त्याची २०२२ मध्ये वेगळी झालेली शाखा, जिच्यावर अजून काम सुरू आहे. मोफत आहे, मूळ कोडही खुला आहे. विंडोज, लिनक्स आणि मॅक तिन्हीवर चालतं. उघडल्यावर तोच निळा पडदा आणि वर तोच मेनू दिसला, तेव्हा तंत्रनिकेतनातली लॅब डोळ्यापुढं आली. पण निळ्या पडद्यासाठी मी हे घेतलं नाही. घेतलं ते ‘रीडिम’पुढं लावायच्या ‘_प्रिझर्व्ह’ या एका शब्दासाठी. पुढं अंडरस्कोर आहे, तो गाळायचा नाही. क्यूबी६४नं स्वतः घातलेले बहुतेक नवे शब्द अंडरस्कोरनं सुरू होतात, म्हणून जुन्या प्रोग्रॅममधल्या नावांशी त्यांची टक्कर होत नाही.

आमच्या प्रोग्रॅमचा गाभा असा आहे. त्यातला ‘पट्टी’ हा ‘टाइप’ या आज्ञेनं नाव, गाव, वजन, भाव एकत्र बांधून केलेला नोंदीचा प्रकार, आणि ‘यूबाउंड’ ॲरेच्या शेवटच्या घराचा क्रमांक सांगतो. प्रत्यक्षात हे इंग्रजी अक्षरांत टाइप करायचं, इथं वाचायला सोपं जावं म्हणून देवनागरीत लिहिते:

रीडिम नोंद(१ टू ६४) ॲज पट्टी
एन = एन + १
इफ एन > यूबाउंड(नोंद) देन रीडिम _प्रिझर्व्ह नोंद(१ टू यूबाउंड(नोंद) * २) ॲज पट्टी

सकाळी ६४ घरं. नवी नोंद आली की ‘एन’ एकनं वाढतो. घरं संपली असतील तर दुप्पट होतात, आधीच्या नोंदी जागच्या जागी राहतात, आणि काउंटरवर बसलेल्या मुलाला काही झालंय याचा पत्ताही लागत नाही. बास, एवढंच.

दुप्पटच का, एकेक घर का नाही, हे मला बऱ्याच जणांनी विचारलं, म्हणून आकडे मांडते. ‘_प्रिझर्व्ह’ करताना आधीचं सगळं उचलून नव्या मोठ्या जागेत ठेवावं लागतं असं धरा. एकेक घर वाढवत १,००० नोंदींपर्यंत गेलात तर आधी १, मग २, मग ३, असं करत ९९९ पर्यंत उचल होते. एकूण ४,९९,५०० वेळा. दुपटीनं गेलात तर ६४ ची १२८, मग २५६, ५१२ आणि १,०२४. वाढ फक्त चारदा, उचल ६४ + १२८ + २५६ + ५१२, म्हणजे ९६०. कुठं पाच लाख आणि कुठं हजाराच्या आत! हजार नोंदींना आजचं मशीन दोन्हीकडं चटकन उत्तर देईल, पण वर्षभराच्या नोंदी एकदम वाचायच्या असतील तेव्हा हा फरक घड्याळावर दिसतो. दुपटीत शेवटी काही घरं रिकामी राहतात हे खरं, पण एक लाख नोंदींनाही आमच्या मापानं साधारण ६४ लाख बाइट लागतात. आजच्या कुठल्याही मशीनला ते जड नाही.

आणि जिथं आधीच मोजता येतं तिथं वाढवत बसूच नका. जुन्या दिवसाची रँडम फाइल (सारख्या लांबीच्या नोंदींची फाइल) उघडली की ‘एलओएफ’नं फाइलचा आकार मिळतो, त्याला एका नोंदीच्या लांबीनं भागलं की नोंदींची संख्या हातात. एकदाच नेमकं ‘रीडिम’ करा आणि भरून टाका. वाढता ॲरे लागतो तो चालू दिवसाला, जिथं पुढची गाडी कुठल्या गावाहून येणार हेही माहीत नसतं.

आता सांभाळायच्या जागा. ‘रीडिम’च्या प्रत्येक ओळीत शेवटचं ‘ॲज पट्टी’ पुन्हा लिहायचंच. ते गाळलं तर बेसिक तो आपला ॲरे न समजता मूळच्या सिंगल प्रकारचा निराळाच ॲरे समजू शकतं, आणि मग आपण वाढवतोय एक, भरतोय दुसरा. पहिला क्रमांक १ ठेवला असेल तर प्रत्येक वेळी ‘१ टू’ असंच लिहा. नुसतं ‘नोंद(१०)’ लिहिलं तर बेसिक शून्यापासून मोजतं आणि दहा नाही, अकरा घरं देतं. मोजणारा ‘एन’ लाँग ठेवा. क्यूबी६४मध्येही इंटिजर जुन्यासारखाच ३२,७६७ पर्यंत जातो. आणि नोंदी किती झाल्या हे ‘यूबाउंड’ला विचारू नका. तो घरं किती आहेत ते सांगतो, माणसं किती राहतात ते नाही. अगदी ‘रीडिम नोंद(०)’ केलं तरी एक घर असतंच. ज्या दिवशी यार्ड बंद असतं त्या दिवसाचा अहवाल काढला तर नोंदी शून्य आणि घर एक, अशी परिस्थिती येते. म्हणून ‘एन’ वेगळा हवाच.

सौदा मोडला की नोंद काढावी लागते, आणि त्यासाठी बेसिकमध्ये तयार आज्ञा नाही. खालची प्रत्येक नोंद एक घर वर सरकवायची आणि ‘एन’ एकनं कमी करायचा. आम्ही ॲरे लगेच लहान करत नाही. मोडलेला सौदा पाच मिनिटांत पुन्हा जुळतो हे यार्डातल्या कुणालाही माहीत आहे. ॲरे लहान करायचाच तर तेही ‘_प्रिझर्व्ह’नंच, आणि मग शेपटाकडच्या नोंदी जातात, म्हणून आधी सरकवणं आणि मग कापणं हा क्रम सोडायचा नाही.

फ्रीबेसिक हे दुसरं बेसिकही मी याच कामासाठी नीट वापरून पाहिलं, कारण ते जाणकारांमध्ये फार नावाजलेलं आहे. २००४ पासून आहे, वेगवान आहे, त्यात ‘रीडिम प्रिझर्व्ह’ अंडरस्कोरशिवाय आहे, आणि जुन्या कोडसाठी क्यूबीची वेगळी बोलीही निवडता येते. घोषित केलेला पण अजून न भरलेला ॲरे तिथं खरोखर रिकामा असतो, ‘यूबाउंड’ वजा एक सांगतो, हे मला मनापासून आवडलं. तरी आडतीसाठी मी क्यूबी६४ निवडलं, ते हद्दीच्या तपासणीसाठी. क्यूबी६४मध्ये ॲरेच्या बाहेर हात गेला तर तपासणी आपोआप होते आणि ओळीच्या क्रमांकासकट नऊ नंबरची एरर समोर येते. फ्रीबेसिकमध्ये ही तपासणी हवी असेल तर कंपाइल करताना, म्हणजे एक्सी फाइल बनवताना, ‘-ईएक्सएक्स’ हा पर्याय स्वतःहून द्यावा लागतो. नाही दिला, तर बाहेर गेलेला आकडा मेमरीत भलत्याच जागी जाऊन बसतो. प्रोग्रॅम कोसळेल किंवा तसाच पुढं चालू राहील. शेतकऱ्याच्या पट्टीवर चुकीचा आकडा छापून जाण्यापेक्षा प्रोग्रॅम तोंडावर थांबलेला मला हजारदा चालेल. त्या माणसाची सहा महिन्यांची मेहनत त्या एका कागदावर असते. गावी गेल्यावर तो कागद घरात चारजण वाचतात, सोसायटीचं देणं त्यावरून काढतात.

क्यूबी६४मध्येही ही तपासणी ‘$चेकिंग:ऑफ’ लिहून बंद करता येते, वेगासाठी. हिशोबाच्या प्रोग्रॅममध्ये ती बंद करू नका. सुरुवातीला ‘ऑप्शन _एक्सप्लिसिट’ही लिहून ठेवा, म्हणजे नावातलं एक अक्षर चुकलं तरी ते नवं व्हेरिएबल म्हणून खपून जात नाही. बेसिकची ही जुनी सवय आहे. न सांगता वापरलेला ॲरेसुद्धा ते दहापर्यंतच्या मापाचा गृहीत धरून मुकाट चालू ठेवतं. त्यासाठी ‘ऑप्शन _एक्सप्लिसिटॲरे’ आहे, तोही लावा. १९६४ साली डार्टमथ कॉलेजात केमेनी आणि कुर्ट्झ यांनी ही भाषा नवख्या विद्यार्थ्यांसाठी केली तेव्हा तो मोकळेपणा त्यांच्या कामाचा होता. आडतीच्या पट्टीला तो नको.

आता क्यूबी६४ कुठं कमी पडतं ते. सगळ्यात मोठी उणीव म्हणजे ‘टाइप’च्या आत ॲरे ठेवता येत नाही. आमच्याकडं काही खरेदीदार प्रत्येक कट्ट्याचं वेगळं वजन मागतात. एका नोंदीत चार कट्टे, दुसरीत चाळीस. सरळ मार्ग असा असता की नोंदीच्या आतच वजनांचा वाढता ॲरे ठेवायचा. फ्रीबेसिकमध्ये ते जमतं. क्यूबी६४मध्ये वळसा घ्यावा लागतो. सगळ्या कट्ट्यांच्या वजनांचा एकच लांबलचक वाढता ॲरे करायचा, आणि प्रत्येक नोंदीत फक्त दोन लाँग आकडे वाढवायचे, आपलं पहिलं वजन कितव्या घरात आणि एकूण वजनं किती. नोंद ६४ बाइटची ७२ होते. काम चोख होतं, पण मधली नोंद काढली की वजनांचा ॲरेही सरकवायचा आणि त्यापुढच्या सगळ्या नोंदींचे सुरुवातीचे क्रमांक कमी करायचे. हा भाग लिहिताना कागद-पेन्सिल घेऊन बसा.

दुसरं, मराठी. साध्या ‘प्रिंट’नं देवनागरी उमटत नाही. नावं-गावं आम्ही इंग्रजी अक्षरांत टाकतो. औसा, निलंगा, रेणापूर इंग्रजीत वाचता येतात, पण पट्टी शेतकऱ्याच्या हातात जाते आणि ती त्याच्या भाषेत असायला हवी. आम्ही छापील पट्टीवर मथळे मराठीत आधीच छापून घेतलेत, मधल्या जागेत आकडे येतात. ही सोय पुरेशी नाही, आणि ज्यांचं सगळं काम मराठी मजकुराचं आहे त्यांनी हे घेऊ नये.

कंपाइल व्हायला वेळ लागतो. क्यूबेसिकमध्ये एफ५ दाबलं की लगेच प्रोग्रॅम चालू व्हायचा, इथं थोडं थांबावं लागतं. एक्सी फाइल छोट्या प्रोग्रॅमचीही काही एमबींची होते. अँटिव्हायरस कधी कधी ताज्या बनवलेल्या फाइलवर संशय घेतो; फोल्डर अपवादात टाकून ठेवा, असं बनवणाऱ्यांनीच सांगितलंय.

एक्सेलमध्ये काम करणाऱ्यांना मी हे घ्या म्हणणार नाही. माझा भाचा तूर-सोयाबीनचे भाव एक्सेलच्या मॅक्रोवर ठेवतो, त्यातही ‘रीडिम प्रिझर्व्ह’ आहे. त्यानं एवढंच लक्षात ठेवावं की दोन बाजूंचा ॲरे असेल तर तिथं फक्त शेवटची बाजू वाढते. ओळी पहिल्या बाजूला आणि रकाने दुसऱ्या बाजूला मांडले तर ओळी वाढवताना नऊ नंबरची एरर येते. फ्रीबेसिकमध्ये याच्या बरोबर उलटं, तिथं पहिल्याच बाजूची वरची हद्द सुरक्षितपणे वाढवता येते. ‘टाइप’ करून एकेरी ॲरे ठेवला की हा घोळच उरत नाही, आणि नोंद वाचतानाही ‘नोंद(५).भाव’ असं स्वच्छ दिसतं. नुसता ‘नोंद(५, ४)’ बघून त्यातलं चौथं काय हे दोन महिन्यांनी कुणाला आठवतं?

जुना प्रोग्रॅम आणायचा असेल तर साध्या टेक्स्टमध्ये सेव्ह केलेली फाइल क्यूबी६४मध्ये थेट उघडते. क्विकबेसिक ४.५ मधून त्याच्या खास झटपट उघडायच्या स्वरूपात सेव्ह केलेली असेल तर आधी टेक्स्ट करून घ्या. विंडोजसाठीचं पॅकेज दाबलेल्या, म्हणजे कॉम्प्रेस केलेल्या फाइलमध्ये येतं. ते साध्या फोल्डरमध्ये सोडवा, इन्स्टॉल असं काही करावं लागत नाही. प्रोग्रॅम पुढं आणताना माझा क्रम असा होता: आधी आहे तसा चालवून जुन्या एका दिवसाचा ताळा जुळवला, मग पक्क्या ‘डिम’च्या जागी ‘रीडिम’ केलं, पुन्हा ताळा जुळवला, आणि मगच ‘_प्रिझर्व्ह’ची ओळ घातली. तिन्ही वेळा वजन आणि रक्कम पैशापर्यंत सारखी आली पाहिजे.

हरभऱ्याची आवक सुरू झाली की कट्टावार वजनांचा भाग मी रोजच्या कामात आणणार आहे. आमच्या ओळीतल्या आणखी दोन आडतींनी तो आत्ताच मागून ठेवलाय.